विमानांचे फोटो, कॅमेरा आणि आपला खिसा
(मंडळाच्या छायाचित्रण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही म्हणजे मंडळातले चौघे. चौघांचंही पोट दुसऱ्याच कामावर चालतं. विमानं दिसली की मान वर करायची आणि हातात कॅमेरा असेल तर तो डोळ्याला लावायचा, हे व्यसन मात्र चौघांनाही आहे. आज बोलायला एकाला उभं केलं असलं तरी मतं चौघांची आहेत. जिथे चौघांचं जमत नाही तिथे तसं सांगू.

८ डिसेंबर २०२४ ला टँक बंडवर सूर्यकिरण पथकाची विमानं आली आणि त्यानंतर आमच्याकडे एकच प्रश्न येऊ लागला. "एअर शोचे फोटो काढायचे आहेत, कुठला कॅमेरा घेऊ?" हैदराबादच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. बेगमपेटहून प्रवासी विमानं २००८ साली शमशाबादला गेली, पण विंग्ज इंडियाचं प्रदर्शन अजून बेगमपेटलाच भरतं. दुंडीगलला हवाई दलाची अकादमी आहे. सूर्यकिरणचं घर बीदर, म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांचं आजोळ. भालकी-बसवकल्याणकडच्या मंडळींनी ही विमानं तिकीट न काढता शेतातून पाहिलेली आहेत. त्यातून एरो इंडिया बंगळुरूच्या येलहंक्याला, रात्रीच्या गाडीने जाण्याइतकं जवळ.

तर प्रश्न बरोबर आहे. पण तो विचारताना बहुतेकांच्या खिशात दुकानदाराने लिहून दिलेलं कोटेशन असतं, म्हणून थोडं सविस्तर बोलतो.

गेल्या वर्षी मंडळातल्या एक काकू आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे आले. मुलाची पहिली नोकरी, जेमतेम आठ महिन्यांची. काकूंची भिशी नुकतीच लागलेली. ते पैसे त्यांनी मुलाच्या हौसेसाठी बाजूला काढले होते आणि उरलेले हप्त्याने भरायचे असं ठरलं होतं. कोटेशनमध्ये फुल फ्रेम मिररलेस बॉडी, तिच्याबरोबर येणारी २४ ते १०५ ची लेन्स, बॅग, तीन पायांचा स्टँड, दोन फिल्टर आणि एक कार्ड होतं. मुलगा खूश होता. काकूंनी मात्र आम्हाला एवढंच विचारलं, "याने ती विमानं मोठी दिसतील ना रे?"

उत्तर होतं, नाही. दीड-दोन लाख घालूनही विमान फोटोत झुरळाएवढं दिसलं असतं. हे कुणी त्या माउलीला सांगितलं नव्हतं.

का, ते साध्या त्रैराशिकाने कळतं. सूर्यकिरणचं हॉक विमान सुमारे १२.४ मीटर लांब. समजा ते आपल्यापासून ८०० मीटरवरून आडवं जातंय. सेन्सरवर त्याची लांबी किती पडेल? लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले विमानाची लांबी, भागिले अंतर. १०५ च्या लेन्सने येतात १.६ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे चौकटीचा बाविसावा भाग. बाकी सगळं आकाश.

आता तीच लांबी ४०० च्या लेन्सने काढा. ६.२ मिलिमीटर. फुल फ्रेमवर चौकटीचा सहावा भाग झाला. पण हीच ४०० ची लेन्स लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी बॉडीवर लावली, तर कॅननच्या बाबतीत चौकट २२.३ मिलिमीटरची. तिथे तेच विमान चौथ्या भागापेक्षा थोडं जास्त भरतं. आणि गंमत पाहा, लहान सेन्सरवर २५० ची लेन्स लावली तर हॉक फुल फ्रेमवरच्या ४०० च्या लेन्सइतकंच मोठं दिसतं. २५० ची लेन्स हातात खेळण्यासारखी वाटते आणि बऱ्याच घरांत ती कपाटात पडलेलीही असते.

लेन्स विमानाला मोठं करत नाही, सेन्सर छोटा असला म्हणजे कडेचं आकाश कापलं जातं एवढंच, असं आमच्यातला एक जण लगेच म्हणेल. त्याचं बरोबर आहे. फुल फ्रेमवर काढून नंतर कापलं तरी तेच मिळतं, पण त्यासाठी त्या बॉडीचे मेगापिक्सेल भरपूर हवेत. शिवाय मोठ्या सेन्सरचा खरा फायदा कमी उजेडात, आणि एअर शो भर उन्हात होतात. म्हणून विमानांसाठी पहिला कॅमेरा लहान सेन्सरचाच घ्यावा, असं आमच्यापैकी तिघांचं ठाम मत आहे. चौथ्याला लग्नसमारंभाचेही फोटो काढायचे असतात, त्याने फुल फ्रेम घेतला आणि त्याचं त्याच्यापुरतं चुकलं नाही.

पैशांची वाटणी आम्ही अशी सांगतो. जेवढे असतील त्यांचे तीन भाग करा, त्यातले दोन लेन्सला द्या. लोक नेमकं उलटं करतात, कारण नाव बॉडीवर असतं आणि गळ्यात मिरवायची असते ती बॉडीच. पण बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते आणि चांगली लेन्स पुढच्या दोन बॉड्यांना पुरते.

आता किती मोठी लेन्स? इथे दुसऱ्या टोकाची हाव सुटते. ६०० ची लेन्स लहान सेन्सरवर लावली की ८०० मीटरवर चौकटीत जेमतेम ३० मीटर रुंदीचं आकाश मावतं. एक हॉक छान भरेल. पण सूर्यकिरण नऊ विमानांचं पथक आहे. ते बाणासारखी रचना करून आले की तुमच्या चौकटीत मधली दोन येणार आणि बाकीच्यांची शेपटं. तिथे लागते ७० ते २०० ची मजल, आणि धुराने आकाशात काही रेखाटलं की त्याहून रुंद. म्हणून एकच घ्यायची तर मागेपुढे होणारी झूम घ्या, आणि तिची खालची मजल १०० च्या आसपास असू द्या. १०० ते ४०० ही एअर शोसाठी आम्हाला सगळ्यांत कामाची जोडी वाटते. १५० ते ६०० एकट्या विमानाला उत्तम, रचनेला अडचणीची.

आणि वजन! हे दुकानात कळत नाही. दुकानात दोन मिनिटं हातात धरतो, वा म्हणतो. निकॉनची २०० ते ५०० ची लेन्स २३०० ग्रॅमची आहे. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५० ते ६०० साधारण दोन किलोच्या. सिग्माची १०० ते ४०० मात्र १२०० ग्रॅमच्याही आत, आणि कॅननच्या मिररलेससाठीची हलकी १०० ते ४०० तर फक्त ६३५ ग्रॅम. सोनीच्या लहान सेन्सरची ७० ते ३५० ची लेन्सही ६२५ ग्रॅमची. या हलक्या लेन्स उजेड कमी घेतात, पण दुपारच्या उन्हात विमानाला एफ ८ वरच काढायचं असतं, मग बिघडलं कुठे? येलहंक्याला सकाळी फाटकातून आत शिरलं की दुपारपर्यंत उभं राहायचं, पाण्याची बाटली सांभाळायची, मान वर. तिथे प्रत्येक शंभर ग्रॅम मोजले जातात.

काकूंच्या मुलाला आम्ही सांगितलं की आत्ता काहीच विकत घेऊ नकोस. कोठीला आणि इतरत्रही लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. आधार कार्डाची प्रत, थोडी अनामत, झालं. त्याने हट्टाने २०० ते ५०० चीच आणली, बॉडी आमच्यातल्या एकाची घेतली आणि शनिवार-रविवार हुसेनसागरच्या काठी घारींचे फोटो काढत बसला. घार हा फुकटचा एअर शो आहे. तीही गिरक्या घेते, एकदम वळते, सूर्याच्या आड जाते. विमान तिच्यापेक्षा सरळमार्गी. घार साधली की विमान साधतंच.

सोमवारी त्याने लेन्स परत केली. उजवा खांदा धरला होता. "काका, ही नको," एवढंच म्हणाला. दोन दिवसांच्या भाड्यात काकूंचे किती पैसे वाचले याचा हिशेब तुम्हीच करा.

आता बॉडीत काय पाहायचं. मेगापिक्सेलकडे फार लक्ष देऊ नका, २० ते २४ पुरे होतात. पाहायचा तो ऑटोफोकस, आणि सलग फोटो काढण्याचा वेग.

वेगाचं गणित पुन्हा करून दाखवतो, कारण दुकानातला माणूस "सेकंदाला दहा फोटो" म्हटलं की आपण भारावून जातो. दोन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना छेद देतात तो क्षण सगळ्यांना हवा असतो. प्रत्येकाचा वेग ताशी ५४० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला १५० मीटर. दोघांमधलं अंतर सेकंदाला ३०० मीटरने कमी होतं. सेकंदाला दहा फोटो काढले तर एका फोटोत विमानं अजून भेटायची आहेत आणि पुढच्या फोटोत त्यांच्यातल्या अंतरात ३० मीटरचा फरक पडलेला. म्हणजे दहाच्या वेगानेही नेमका छेद मिळणं हा नशिबाचा भाग आहे. वीसच्या वेगाने फरक १५ मीटरवर येतो. सेकंदाला पाच फोटो काढणाऱ्या जुन्या बॉडीने काढलेला आमच्याकडचा सर्वांत चांगला छेद आहे, आणि दहावाल्याकडे तो नाही. आता बोला.

ऑटोफोकसचं मात्र तसं नाही. तिथे नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी खरोखर मोठी उडी मारली आहे. निकॉनच्या झेड ८ मध्ये आणि त्याहून पुष्कळ स्वस्त झेड ५० टू मध्ये विमान ओळखण्याची वेगळी सोय आहे. सोनीच्या ए ६७०० मध्ये, कॅननच्या आर ६ मार्क टू मध्येही ती आहे. कॅमेरा विमान ओळखतो आणि चौकटीत ते कुठेही गेलं तरी सोडत नाही. जुन्या डीएसएलआरवर हे काम आपलं. मधला बिंदू किंवा मधला समूह निवडायचा, सततच्या फोकसवर ठेवायचा, कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात आणि इतरत्र एएफ-सी, आणि विमान त्या बिंदूखाली धरून ठेवायचं. जमतं. वर्षानुवर्षं लोकांनी असंच काढलंय.

स्वस्तात करायचं असेल तर जुन्या डीएसएलआर बॉड्या आज फार चांगल्या भावात मिळतात, कारण सगळे मिररलेसकडे धावतायत. निकॉनचा डी ७२०० किंवा डी ५००, कॅननचा ७ डी मार्क टू ही विमानांना चालणारी दणकट यंत्रं. जुनी घेताना शटर किती वेळा पडलं ते विचारा. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय का ते पाहा. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात, त्यातून चामड्याच्या खोळीत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. घरच्या लेन्सलाही हेच लागू. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, एवढ्यावर भागतं.

एक जोडीची खबरदारी. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे वडिलांच्या फिल्मच्या काळातली लेन्स तिच्यावर बसेल पण आपोआप फोकस होणार नाही. उलट निकॉनच्या एएफ-पी प्रकारच्या नव्या लेन्स काही जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाहीत. कॅननवाल्यांचं सुख असं की जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून नव्या आर बॉडीवर व्यवस्थित चालतात. म्हणून घरात आधीपासून कुणाच्या लेन्स आहेत ते पाहून कंपनी ठरवा. मामांकडे कॅननची ५५ ते २५० पडून असेल तर निकॉन कशाला घ्यायचा?

एक प्रकार मात्र आम्ही एअर शोसाठी घेऊ नका म्हणूनच सांगतो, तो म्हणजे न सुटणाऱ्या लेन्सचा भला मोठा झूम कॅमेरा. निकॉनचा पी १००० घ्या. त्याची मजल ३००० पर्यंत जाते. चंद्रावरचे खड्डे दाखवायला झकास, कोजागिरीला मुलांना दाखवा. पण जेट विमानामागे त्याचा फोकस धावू शकत नाही, आणि एवढ्या मजलेवर विमान चौकटीत सापडेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असतं.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसून जाऊ नये. हुसेनसागरातली बुद्धमूर्ती, मागे सचिवालय, आणि त्यावर नऊ धुरांचा पंखा, असा फोटो मोबाइलनेच चांगला येतो. त्या वेळी आम्ही ४०० ची लेन्स लावून बसलेलो असतो आणि हळहळतो.

सेटिंगचं थोडक्यात. जेटसाठी शटर १/१००० पासून १/२००० पर्यंत. पण हेलिकॉप्टर किंवा पंख्याचं विमान आलं की लगेच खाली यायचं. सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं तुम्ही पाहिलीच असतील, लाल रंगाची, अंगावर मोर रंगवलेली. ती १/१००० वर काढली तर पाती थिजतात आणि हेलिकॉप्टर दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/१२५ च्या आसपास आलात की पाती फिरताना दिसतात. मग हात स्थिर हवा, त्याच्याबरोबर कंबरेतून वळायला हवं आणि दहातले आठ फोटो हलणार हे गृहीत धरायला हवं. पंख्याच्या विमानाला १/२०० ते १/३२० चालतं. लेन्सवर थरथर रोखण्याच्या बटणाला दुसरी पायरी असेल तर आडवं फिरवताना ती लावा.

मिररलेसवाल्यांनो, बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर हेलिकॉप्टरला लावू नका. साध्या सेन्सरवर ओळी एकामागून एक वाचल्या जातात, तेवढ्यात पातं पुढे सरकतं आणि फोटोत ते केळ्यासारखं वाकडं येतं. फार महागड्या बॉड्यांमध्ये हा दोष जवळजवळ दिसत नाही, पण आपण यांत्रिक शटरच ठेवावं.

आकाश उजळ असतं म्हणून कॅमेरा फसतो आणि विमान काळं येतं. उजेड अर्ध्या ते एका पायरीने वाढवा. पण पांढरा धूर सुरू झाला की परत खाली, नाहीतर धुराचा कापूस होतो. फिल्टर काढून ठेवा, पुढचं हूड मात्र लावा. कोटेशनमधले ते दोन फिल्टर आणि स्टँड आम्ही पहिल्यांदा खोडले होते. स्टँडवर कॅमेरा ठेवून डोक्यावरून जाणारं विमान कसं काढणार?

लेन्सपेक्षाही महत्त्वाची गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे जागा. टँक बंड तळ्याच्या पूर्वेला आहे. डिसेंबरात दुपार उतरल्यावर तिथे उभं राहून तळ्याकडे पाहिलं की सूर्य डोळ्यांत. विमानं नुसत्या काळ्या सावल्या. धूर मात्र मागून उजळतो, तो कुणाला आवडेल. त्याच वेळी समोरच्या नेकलेस रोडला उभं राहिलं तर ऊन पाठीशी येतं आणि विमानाचा लाल-पांढरा रंग खुलतो. बेगमपेटची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, जुन्या इमारतीच्या बाजूने उत्तरेकडे पाहिलं तर हिवाळ्याचा सूर्य पाठीवर राहतो. आणि उन्हाने जमीन तापली की धावपट्टीवरची हवा पाण्यासारखी हलायला लागते. त्या थरथरीतून तीन लाखांची लेन्सही धुवट फोटो देते. लेन्स बदलून हे जात नाही. सकाळच्या फेऱ्या गाठायच्या आणि दुपारी वर आकाशातलीच विमानं टिपायची.

आता थोडं गंभीर. आम्ही सरकारी कागदांत वावरणारी माणसं, म्हणून हे स्पष्ट सांगतो. शोच्या दिवशी, शोच्या जागेत जे चालतं ते इतर दिवशी चालत नाही. हकीमपेट, दुंडीगल, बीदर यांच्या भिंतीबाहेर मोठी लेन्स घेऊन उभं राहू नका. हवाई दलाचे तळ ही प्रतिबंधित ठिकाणं आहेत आणि शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा असला तरी झोपलेला नाही. सरकारी नोकरी करणाऱ्याने, किंवा करायची इच्छा असलेल्याने, तर मुळीच नको. ड्रोनचं नावही काढू नका.

आणि दुसरं. इथल्या मोठ्या मंडळींना ३ मार्च २०१० आठवत असेल. बेगमपेटला इंडिया एव्हिएशनचा पहिला दिवस. नौदलाच्या सागर पवन पथकाचं किरण विमान बोवेनपल्लीत एका इमारतीवर कोसळलं. कमांडर एस. के. मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर, दोघेही गेले. नंतर २०१९ साली एरो इंडियाच्या सरावात सूर्यकिरणची दोन विमानं आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्या लांब लेन्समधून कधी कधी पायलटचं हेल्मेट स्पष्ट दिसतं. आत माणूस आहे हे तेव्हा कळतं, आणि पोटात काहीतरी होतं.

आम्ही चौघांनी आपसात एक ठरवलेलं आहे. असं काही डोळ्यांसमोर घडलं तर बोट शटरवरून काढायचं. आधीच फोटो निघालेले असतील तर ते कुठेही पाठवायचे नाहीत, कुठल्याही ग्रुपवर नाही, मंडळाच्याही नाही. चौकशी करणाऱ्यांनी मागितले तर त्यांना द्यायचे. त्या पायलटच्या घरी ती बातमी पोचण्याआधी आपला फोटो पोचता कामा नये. यावर कुणी वाद घालणार असेल तर आमच्याबरोबर येऊ नये, इतकं हे पक्कं आहे.

असो. तो मुलगा काय करून बसला ते राहिलं. त्याने वापरलेली लहान सेन्सरची बॉडी आणि ७० ते ३०० ची लेन्स घेतली, दोन्ही तपासून. हप्ता नाही. भिशीतले उरलेले पैसे काकूंना परत केले, आणि काकूंनी ते घेतले नाहीत, म्हणून ते आता बँकेत मुदतठेवीत आहेत आणि त्यावरून मायलेकांचं अजून चालू असतं. "पुढच्या एरो इंडियाला शंभर ते चारशे घेईन," असं तो म्हणतो. घेऊ दे. तोवर ३०० ची हद्द कुठे संपते हे त्याला स्वतःच्या फोटोंवरून कळलेलं असेल. गेल्या आठवड्यात त्याने पाठवलेली घार आमच्या चौघांच्याही घारींपेक्षा चांगली होती, हे तो समोर बसलाय म्हणून सांगत नाही.

कार्ड आणि बॅटरी राहिल्या. कार्ड व्ही ३० खूण असलेलं घ्या आणि मोठं एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या. मिररलेसची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते, दोन जादा ठेवा. सलग बटण दाबून ठेवलं की कॅमेरा थोड्या वेळाने गप्प होतो, कारण त्याची तात्पुरती साठवण भरते. तेव्हा लहान लहान तुकड्यांत काढा, आणि मुख्य कसरत यायच्या आधी बोट आवरा. कार्यक्रमाचा निवेदक काय येणार ते आधी सांगतो, तो ऐका. हिंदी-इंग्रजीत असतं, कान द्यावा लागतो.

शेवटचं. घरात पडून असलेली कुठलीही जुनी लेन्स असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला नेकलेस रोडला घेऊन या. आमच्याकडे कॅनन आणि निकॉन दोन्हीच्या बॉड्या असतील, लावून पाहू, बुरशी आहे का तेही पाहू. घारी सातनंतर वर चढतात. चहा मंडळाकडून नाही, ज्याचा त्याने.

आरतीला अजून पंधरा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.